गाठ साधी आहे, हे पाहिलं कुणी?

काका तालुक्याच्या गावी उभा जन्म दवाखाना चालवलेले डॉक्टर. पुतणी शहरातल्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट. लोकांच्या अंगावरून कापलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे तिचं रोजचं काम. ही दोन माणसं मी या लेखासाठी कल्पिली आहेत, पण त्यांचा वाद कल्पित नाही. तीळ, चामखीळ, मस, लासे यांचा कॅन्सरशी संबंध किती, या प्रश्नावर डॉक्टरांमध्ये खरोखरच या दोन बाजू आहेत. दोघांनाही रुग्णाची काळजी आहे, म्हणून दोघांचंही नीट ऐकावंसं वाटतं.

काका: माझ्या दवाखान्यात कुणी ना कुणी मान पुढे करून विचारायचंच, "डॉक्टर, ही मस वाढत चाललीय, काही वाईट तर नाही ना?" मी पाहायचो, हात लावायचो आणि सांगायचो, घरी जा, काही नाही. लोक निर्धास्त होऊन जायचे. आता मोबाईलवर एक चित्र येतं, त्याखाली लाल अक्षरात 'सावधान', आणि चांगला धडधाकट माणूस गालावरच्या तिळापायी झोप घालवून बसतो. साधी गाठ साधीच राहते, एवढं तरी तुला मान्य आहे की नाही?

पुतणी: मान्य आहे. मानेवर, काखेत लोंबणारी मस कॅन्सर होत नाही. तिचा संबंध कशाशी जोडायचाच असेल तर रक्तातल्या साखरेशी जोडा. मानेवर खूप मस आणि जोडीला मानेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झालेली दिसली, तर मी त्या माणसाला साखर तपासायला सांगेन. चरबीची मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ वर्षानुवर्षं तशीच राहते. आपल्याकडे बायकांच्या गालांवर, डोळ्यांभोवती बारीक काळे दाणे येतात, तेही निरुपद्रवी. आणि साठीनंतर पाठीवर, छातीवर वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खडबडीत तपकिरी चट्टे येतात ना, त्यांचं तर मला नवल वाटतं. त्यांना सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात. त्यांच्या पेशींमध्ये एफजीएफआर3 नावाच्या जनुकात बदल सापडतात. तेच बदल मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही सापडतात. जनुक बिघडलेलं, तरीही चट्टा मात्र आयुष्यभर चट्टाच राहतो.

काका: मग वाद उरला कुठे?

पुतणी: तिळापाशी. तीळ म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका. 2002 साली असं दिसलं की मेलानोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड वारंवार असतो. पुढच्याच वर्षी तोच बिघाड साध्या, निरुपद्रवी तिळांतही सापडला, तोही बहुसंख्य तिळांत. म्हणजे पेशीला 'वाढ, वाढ' असं सांगणारी आज्ञा तिळातही सुटलेली असते.

काका: हे ऐकून माणूस घाबरणार नाही तर काय?

पुतणी: पुढचं ऐका ना. 2005 साली हेही दाखवलं गेलं की ती आज्ञा मिळाल्यावर पेशी थोड्या वाढतात आणि मग कायमच्या थांबतात. त्यांचं विभाजनच बंद पडतं. तीळ काही मिलिमीटरचा होऊन तिथंच का राहतो, याचं उत्तर हे आहे. कॅन्सर व्हायला एवढा एक बिघाड पुरत नाही. थांबवणारी यंत्रणाही मोडावी लागते, आणि ते क्वचित घडतं. अमेरिकेत 2003 साली याचा हिशेब मांडला होता. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या अंगावरचा एखादा तीळ वर्षभरात मेलानोमा होण्याची शक्यता दोन लाखांत एकाहूनही कमी निघाली. साठीपुढच्या पुरुषांतसुद्धा ती तेहतीस हजारांत एक एवढीच होती. आणि हे गोऱ्या कातडीच्या देशाचे आकडे. आपल्याकडे मेलानोमा त्याहून कितीतरी दुर्मीळ.

काका: झालं तर! माझंच म्हणणं तू आकडे घालून सांगितलंस.

पुतणी: अर्धं. आता दुसरी बाजू पाहा. मेलानोमाच्या रुग्णांमध्ये मागे जाऊन शोधलं, तर साधारण दहातल्या सात जणांचा मेलानोमा तिळातून आलेलाच नसतो. तो स्वच्छ कातडीवर नव्याने उगवलेला असतो. जुन्या तिळात सुरू होणारे दहांत तीन. म्हणून तीळ बदलतो का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ज्याला आपण तीळ म्हणतोय तो मुळात तीळ आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. माझ्या टेबलावर येतात त्यात साध्या गाठीचा कॅन्सर झालेले थोडे. कॅन्सरलाच साधी गाठ समजून दिवस काढलेले जास्त.

इथे मी मध्ये बोलतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली या वाक्यात आहे. आपण भीती बाळगतो ती साधी गाठ उद्या बिघडेल याची. ती भीती बरीचशी अनाठायी आहे. खरा घात होतो तो दिसण्यातल्या सारखेपणामुळे. आपल्या सावळ्या कातडीवर तर हा सारखेपणा आणखी फसवा. बेसल सेल कार्सिनोमा हा जगात सर्वांत जास्त आढळणारा त्वचेचा कॅन्सर. गोऱ्या माणसात तो गुलाबी, मोत्यासारखा चकाकतो. आपल्याकडे तो पुष्कळदा काळा असतो आणि नाकाशेजारी एखाद्या मोठ्या तिळासारखा बसून राहतो. तो अंगभर सहसा पसरत नाही, पण नाक आणि पापणी कुरतडत जातो.

काका: बरं, मग ओळखायचं कसं? ते तुमचं ए-बी-सी-डी?

पुतणी: ते 1985 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बसवलं. डागाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात अनेक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आकार. पुढे 2004 मध्ये त्यात 'बदलत जाणं' जोडलं गेलं. माझ्या लेखी ते शेवटचंच सर्वांत मोलाचं. पण हे निकष गोऱ्या लोकांच्या पाठी आणि पोटऱ्या पाहून घडले आहेत. आपल्या माणसाचा मेलानोमा बहुतेकदा पाठीवर नसतोच. तो तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली असतो. जिथं ऊन फारसं पोहोचत नाही, सनस्क्रीनचा काही संबंध येत नाही, तिथं.

काका: तळपायाला काय झालेलं असतं ते मला सांगू नकोस. कुरूप, भोवरी, काटा मोडलेला, ठेच लागून साकळलेलं रक्त. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मी जितके पाहिलेत...

पुतणी: आणि म्हणूनच तो चुकतो, काका. कुरूप समजून पट्टी लावली जाते, पट्टीने कातडी सोलते, पुन्हा काळं येतं. अंगठ्याचं नख काळं पडलं की दाराची फट आठवते. नखाखाली सूज आणि लस आली की नखुरडं. मग एक दिवस जांघेत गाठ येते आणि घरचे म्हणतात, पायाला जखम आहे ना, अवधाण आलंय. ते अवधाण नसतं. तोवर आजार पायातून जांघेत चढलेला असतो.

काका: हं.

पुतणी: बॉब मार्ले, तो जमैकाचा गायक. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम फुटबॉल खेळताना झालेली असंच सगळे धरून चालले. 1977 साली तो मेलानोमा असल्याचं कळलं. 11 मे 1981 ला तो गेला, छत्तीस वर्षांचा. जगभर नाव असलेल्या माणसाची ही गत, तर बैलामागं चालणाऱ्या माणसाचं नख कोण पाहणार?

काका: पण काळ्या रेघा नखांवर आपल्याकडे कितीजणांना असतात! त्या सगळ्यांची नखं उपटणार तू?

पुतणी: मुळीच नाही. सावळ्या माणसाच्या पाच-सहा नखांवर बारीक सारख्या रेघा असतील तर त्या त्याच्या वर्णाचाच भाग आहेत. मी थांबेन ते एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, मोठ्या वयात नव्याने आलेली रेघ रुंद होत चालली असेल तर. आणि रंग नखाची हद्द ओलांडून मागच्या कातडीवर उतरला असेल तर त्या दिवशीच पुढे पाठवेन. तळव्याच्या डागालाही एक फार सुंदर खूण आहे. आपल्या तळव्यावर ठशांच्या रेषा असतात: उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. जपानी डॉक्टरांनी डर्मोस्कोपमधून, म्हणजे उजेड असलेल्या भिंगातून, शेकडो डाग पाहून दाखवलं की साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमध्ये बसतो आणि मेलानोमाचा उंचवट्यांवर. भिंग हातात मावणारं आहे, त्याला सुई लागत नाही, रक्त येत नाही. तळव्यावरचा डाग सात मिलिमीटरहून मोठा असेल आणि भिंगाखाली निर्धास्त वाटला नाही, तर तुकडा घ्यायचा.

काका: जपानी लोकांनी आणखी एक दाखवलंय ना, भार पडतो तिथं जास्त होतो असं?

पुतणी: हो, 2016 साली. टाच आणि चवडा, चालताना जिथं दाब येतो, तिथं मेलानोमा जास्त आढळले. दाबामुळेच होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पाहायचं कुठं, हे मात्र नक्की कळतं.

काका: आता मी तुला पेचात धरतो. तू म्हणतेस घासणाऱ्या मशीचा कॅन्सर होत नाही. मंगळसूत्राखाली मस घासते, लाल होते, रक्त येतं, तरी काही होत नाही. मग धोतराचा कॅन्सर कुठून आला? तो तर आपल्याच मातीतला.

हा प्रश्न काकांनी विचारला याचं मला समाधान आहे, कारण त्यात मुंबईचं एक मोठं काम दडलेलं आहे. परळचं टाटा मेमोरियल 1941 साली सुरू झालं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर रुग्णांचे तुकडे तपासत. नुसता तुकडा पाहून ते थांबत नसत. माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो हेही विचारत. कमरेभोवती कॅन्सर झालेले धोतर नेसणारे रुग्ण त्यांच्या नजरेत भरले. 1945 साली त्यांनी आणि सहलेखिका सूर्याबाईंनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरच्या प्रकारांवर निबंध लिहिला, त्यात हा धोतराचा कॅन्सर होता. पुढे साडीचाही नोंदला गेला. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीने चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलं होतं, आतून परकर न घालता. कमरेवरचा व्रण भरत नव्हता, आणि निदान झालं तेव्हा आजार जांघेतल्या गाठींपर्यंत गेलेला होता.

पुतणी: पेच खरा आहे, काका. मस घासते तेव्हा मशीचं टोक सोलतं आणि चार दिवसांत भरून येतं. धोतराच्या किंवा नाडीच्या गाठीखाली त्याच दोन बोटं रुंद पट्ट्यावर रोज, वर्षानुवर्षं दाब येतो, घाम साचतो. कातडी आधी काळवंडते किंवा पांढुरकी पडते, कोंडा सुटतो, चीर पडते, आणि एक जखम अशी होते की भरतच नाही. कॅन्सर त्या न भरणाऱ्या जखमेत होतो. भाजलेल्या जुन्या वणात होणाऱ्या कॅन्सरची हीच जात, आणि काश्मीरमध्ये फिरनखाली कांगडी धरून मांड्या-पोट शेकणाऱ्यांना होतो त्याचीही. म्हणून बाई सांगते "गाठ नाहीये हो, नुसतं कमरेला चिरलंय", तेव्हा निर्धास्त होऊ नका. मला गाठीपेक्षा न भरणाऱ्या जखमेची धास्ती जास्त वाटते. नाडी रुंद करा, सैल बांधा, आणि महिनाभरात भरली नाही अशा जखमेचा तुकडा तपासा.

काका: तुकडा, तुकडा! पण गावातली माणसं काय म्हणतात ठाऊक आहे? गाठीला सुई लावली की ती चवताळते. छेडू नये. मी हे मानत नाही, पण त्यांनी पाहिलेलं असतं. अमक्याची गाठ कापली आणि सहा महिन्यांत माणूस गेला.

पुतणी: त्यांनी पाहिलं ते खरंच असतं, अर्थ उलटा लागलेला असतो. माणूस आला तेव्हाच आजार पुढे गेलेला होता. किंवा गाठ अर्धवट जाळली गेली आणि खाली उरलेला भाग वाढत राहिला. मेलानोमाचा नीट तुकडा घेतल्याने आजार पसरतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट तुकड्याशिवाय उपचारच ठरत नाही. 1970 साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं की मेलानोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली तर रुग्णाचं पुढं काय होणार याचा बराच अंदाज येतो. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर नुसत्या शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरला ती गोष्ट राहत नाही. आता सांगा, घोड्याचा केस बांधून गाळलेल्या चामखिळीची जाडी मी कशी मोजू? चुना-सोडा लावून जाळलेल्याची? बिब्बा घालून डागलेल्याची? आणि गावठी उपायांनाच का बोल लावायचा? पार्लरमध्ये, कधी दवाखान्यातही, मशीन लावून 'तीळ' उडवतात. राख उरते. राखेचं निदान करता येत नाही.

काका: आता माझं ऐक. अमेरिकेत काय झालं ते तूही वाचलं असशील. चाळीस वर्षांत मेलानोमाचं निदान सहापट झालं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ जागच्या जागी राहिलं. वेल्च आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तेच मांडलं. जितके डाग कापले तितके कॅन्सर सापडत गेले, त्यांतले कित्येक माणसाला आयुष्यात त्रास देणारे नव्हते. माणसं मात्र रुग्ण झाली, व्रण आले, विमे महागले, झोपा उडाल्या. तू म्हणतेस सगळं कापा, सगळं तपासा. इथं त्या वाटेनं गेलीस तर मजुरी बुडवून जिल्ह्याला दोन खेपा घालणाऱ्या बाईला तू मशीसाठी राबवणार. हे मला पटत नाही, आणि पटणारही नाही.

पुतणी: तुमचा मुद्दा मी मानते. गोरी माणसं, दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, त्यात सापडणारे अर्ध्या मिलिमीटरचे डाग, हा तिकडचा प्रश्न आहे. आपल्याकडे माणूस येतो तेव्हा टाचेवर रुपयाएवढा काळा व्रण असतो आणि जांघेत गाठ. मी सगळ्यांचे सगळे तीळ कापा असं म्हणतच नाही. जो डाग कुणाला त्रास देत नाही, बदलत नाही, तो राहू द्या. माझा हट्ट फार छोटा आहे. कापायचंच ठरलं असेल, मग ते सौंदर्यासाठी का असेना, तर कापलेलं फेकू नका. बाटलीत फॉर्मॅलिन घाला, त्यात टाका, नाव लिहा, पाठवा. त्यासाठी बाईला खेप घालायला लागत नाही. बाटली जाते, रिपोर्ट फोनवर येतो.

काका: मानेवरच्या लोंबत्या मशी? दहा काढल्या तर दहा बाटल्या?

पुतणी: सगळ्या एका बाटलीत घालून पाठवा म्हणेन मी.

काका: मी नाही पाठवणार. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी मस तपासायला कुणाचे पैसे मी खर्चू देणार नाही. पण काळं काही असेल, टणक असेल, रक्त येऊन गेलं असेल, पुन्हा उगवलं असेल, तर पाठवीन. आणि पायमोजे काढायला लावून तळपाय पाहीन, तुझ्या बोलण्यातलं तेवढं मी घेतलं.

पुतणी: तेवढं केलंत तरी माझ्याकडे रुग्ण वेळेवर येतील.

दोघांचं इथं जमलं नाही, आणि मीही ते ओढूनताणून जमवत नाही. मशीच्या बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे. गरीब माणसाचा पैसा हाही वैद्यकाचाच विचार आहे, आणि निरुपद्रवी गाठीला निरुपद्रवी म्हणण्याचं धैर्य डॉक्टरकडे असलंच पाहिजे. पण काळ्या डागाच्या, पुन्हा उगवणाऱ्या गाठीच्या आणि न भरणाऱ्या जखमेच्या बाबतीत मी पूर्णपणे पुतणीच्या बाजूचा आहे. तिथं न तपासता जाळणं, डागणं, पट्ट्या लावत बसणं यांना मी उपचार म्हणत नाही. त्यात रुग्णाचा बरं होण्याचा काळ वाया जातो, आणि तो काळ नंतर कुठल्याही औषधाने परत मिळत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि अंगठ्यांची नखंही. आईची, आजीची कमर जिथं नाडी बसते तिथं पाहा. ती आपणहून सांगणार नाही. काही नवं, काळं, वाढतं किंवा न भरणारं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि काही काढायचं ठरलं तर आधीच विचारा, "हे तपासायला पाठवणार ना?" लॅबमध्ये तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून ठेवतात. पुढे शंका आली तर त्याच ठोकळ्यातून पुन्हा तपासणी करता येते, त्यामुळे रिपोर्ट आणि त्यावरचा नमुन्याचा क्रमांक जपून ठेवा.